सनमायका चिकटवायच्या आधी

जुलैतल्या एका सकाळी शेंगदाण्याचा डबा काढायला म्हणून कोठीचं खालचं दार ओढलं, तर दार बिजागरीसकट हातात आलं. स्क्रू जिथून निघाला तिथून भुरभुर भुसा गळत होता. बोट घालून पाहिलं तर राजगिऱ्याची चिक्की मोडावी तसा एक तुकडा मोडून तळहातावर आला. प्लाय असा मोडत नाही. प्लायला पदर असतात, घडीच्या चपातीसारखे, एकावर एक. माझ्या हातात होता तो लाकडाचा चुरा चिकट घालून दाबलेला पार्टिकल बोर्ड. आणि त्याचे पैसे मी मोजले होते वॉटरप्रूफ प्लायच्या भावानं.

आमच्या लातूरच्या घरात मागच्या अंगाला सात बाय साडेचार फुटांची एक धुण्याची खोली होती. एक नळ, एक मोरीची जाळी, कपडे आपटायचा दगड आणि उरलेल्या जागेत पाण्याचे ड्रम. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, तेव्हा तर त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, नुसत्या टाक्या. पुढं कपड्यांचं मशीन गच्चीवरच्या शेडमध्ये गेलं, दगड निघाला आणि खोली अडगळीची झाली. स्वयंपाकघराला लागूनच असल्यानं मला वाटलं, हिची कोठी करावी. वर्षाची ज्वारी, तुरीची डाळ, करडीच्या तेलाचा डबा, येसर, कुरडया, पापड, सगळं एका ठिकाणी.

आत्याबाई (माझ्या सासूबाई) पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कडप्पा बसवून घे, लाकडाच्या नादी लागू नको." त्यांच्या माहेरी वाड्यात धान्याचं खरंखुरं पेव होतं, त्यामुळं साठवणीबद्दल त्यांचं मत ठाम असतं. पण मला ते सरकते ट्रे, आपोआप मिटणारी दारं, आतून पांढरंशुभ्र असं सगळं पाहिजे होतं. आजकाल गल्लोगल्ली मॉड्युलरवाल्यांचं पेव फुटलंय, त्यातलाच एक ओळखीतून आला. नाव लिहीत नाही.

माणूस बोलायला गोड. टेप घेऊन खोली मोजली, भिंतीवर टकटक केली, "ताई, तुम्ही नका टेन्शन घेऊ, आपलं घर समजूनच करायलाव." नकाशा मात्र मी स्वतः काढला होता, पोराच्या चौकटीच्या वहीत. त्याचा मला आजही अभिमान आहे, म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. आधी घरातले सगळे डबे मोजले. तेलाचा पंधरा किलोचा डबा साधारण चौदा इंच उंच, म्हणून तो कप्पा सोळा इंच. बरण्यांचे कप्पे दहा इंच. डाव्या भिंतीला कप्प्यांची खोली फक्त बारा इंच ठेवली, म्हणजे एका बरणीमागं दुसरी लपत नाही आणि मागची डाळ किडेपर्यंत विसरली जात नाही. उजव्या भिंतीला अठरा इंच, जड सामानासाठी. मधे वीस इंच, वाकून डबा ओढता येईल एवढी जागा. भिंत आणि कपाटात दोन इंच फट, दाराला वर-खाली जाळी, कारण बंद खोलीत धान्याला कोंदट वास येतो. खाली चार इंचांचे पाय. हा नकाशा बरोबर होता. चूक नकाशात नव्हती.

त्यानं प्लायचे दोन तुकडे आणले होते, हाताएवढे. एक बाजारातला साधा, एक "वॉटरप्रूफ". वॉटरप्रूफचा तुकडा बादलीत टाकून दाखवला. "रात्रभर राहू द्या, सकाळी बघा." सकाळी तो तसाच होता, आणि आम्ही सगळे खूश. आता कळतं की साधा बऱ्यापैकी प्लायसुद्धा एका रात्रीत बादलीत काही उकलत नाही. खऱ्या वॉटरप्रूफ, म्हणजे मरीन प्लायचा मानक आयएस 710 आहे, आणि त्या मानकाच्या चाचणीत नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. बादलीचा खेळ म्हणजे नुसता तमाशा.

तोंडी ठरलं ते असं: 18 एमएमची नऊ शीट, आठ बाय चारचं एक शीट म्हणजे 32 चौरस फूट, भाव 120 रुपये फूट. म्हणजे प्लायचेच 34,560. सनमायका, चॅनल, बिजागऱ्या, मजुरी सगळं धरून 1,12,000. आगाऊ 60,000, बॉक्स उभे झाले की 30,000, शेवटी 22,000.

कागदावर काय आलं? "प्लाय 18 एमएम. कोठी रूम कम्प्लीट. 1,12,000." एवढंच. आयएस 710 नाही, कंपनीचं नाव नाही, वॉटरप्रूफ हा शब्दसुद्धा नाही. कागदाच्या डोक्यावर जीएसटी नंबर छापलेला होता. तो मी चार महिन्यांनी मोजला. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरं पॅनची असतात. याच्या नंबरात चौदाच अक्षरं होती. पैसे देताना कोण मोजतं हो?

मी शीट यायच्या दिवशी शाळेत होते. दुपारी व्हॉट्सअपवर फोटो आला: शीटच्या कोपऱ्यावर आयएसआयचा शिक्का, खाली आयएस 710, त्याखाली सीएम/एल आणि लायसन्सचे आकडे. "ताई, एक नंबर माल." मी अंगठा पाठवला. घरी आले तर शीट आधीच कापून झाली होती, शिक्क्याचा कोपरा कुठं गेला कुणाला माहीत. विचारलं तर म्हणाला, वेस्टेजमध्ये गेला.

तो फोटो मी नंतर मोठा करून पाहिला, सगळं झाल्यावर. शीटच्या खाली फरशी दिसते, हिरवट रंगाची, चकचकीत. आमच्या घरात पुढच्या ओट्यापासून मागच्या मोरीपर्यंत शहाबादी आहे. म्हणजे तो फोटो माझ्या मालाचा कधी नव्हताच.

पुढं फेब्रुवारीच्या शेवटी उदगीरला भाचीचं लग्न निघालं. तीन दिवस घर बंद. तो म्हणाला, "चावी शेजारी ठेवून जा, तुमचा खोळंबा नको, आमचाही नको." दुसऱ्या दिवशी हळदीच्या गडबडीत फोन आला, बॉक्स उभे झालेत, तीस हजार टाका, पोरांची मजुरी द्यायची आहे. मांडवातूनच मोबाईलवरून पाठवले. घरी आलो तेव्हा सगळ्यावर पांढरा सनमायका चिकटलेला, कडांना पट्ट्या लागलेल्या, आरशासारखं चमकत होतं. आत्याबाईसुद्धा "बरं झालं बाई" म्हणाल्या. माझं सगळं नुकसान त्या तीन दिवसांत झालं. सनमायका आणि कडेची पट्टी लागली की आत काय आहे ते मालकाला कळायचा रस्ता संपतो. उघड्या कडेवर पदर दिसतात, चुरा दिसतो, पोकळी दिसते, शिक्का दिसतो. पट्टीखाली सगळं सारखंच. दारांना त्यानं साधा कमर्शियल प्लाय लावला होता, कारण दार हाताला लागतं, ठोकून पाहिलं जातं. बाकी सगळ्या पेट्या, फळ्या, तळ पार्टिकल बोर्डचे.

मार्चमध्ये नवं धान्य आलं, वर्षाचं भरलं. उजव्या भिंतीच्या एका तीन फुटी फळीवर डाळीचे दहा दहा किलोचे पाच डबे ठेवले. मे महिन्यात ती फळी मधून ताटलीसारखी खोल दिसायला लागली. मिस्त्रीला फोन केला. "ताई, नवं फर्निचर आहे, सेट होतंय." फर्निचर सेट होतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकून घेतलं!

जूनमध्ये पाऊस लागला आणि खालचा तळ फुगला, तव्यावरची भाकरी फुगते तसा, आणि तसाच त्याचा पापुद्राही सुटला. कारण दुसरं पाप भिंतीत होतं. धुण्याच्या जुन्या नळाला त्यानं प्लास्टिकची डमी, म्हणजे बूच, लावून वर पेटी बसवली होती. टेफ्लॉनची पट्टी न गुंडाळता. थेंब थेंब पाणी पेटीच्या पाठीमागं उतरत होतं. मोरीची जाळी बुजवायची म्हणून ठरलं होतं, तिच्यावर नुसती एक टाईल ठेवलेली. खालून वास, झुरळं, ओल. चार इंचांचे पायही नव्हते, पुढं पट्टी लावून पाय असल्यासारखं दाखवलं होतं. पेटी सरळ फरशीवर. धुण्याच्या खोलीचा उतार मोरीकडं असतो, त्यामुळं जे काही पाणी आलं ते पेटीखालूनच गेलं. चार किलो सांडगे, दोन डबे पापड आणि तूर डाळीचा अर्धा डबा टाकून द्यावा लागला. सांडगे आत्याबाईंनी हातानं घातलेले.

त्याला बोलावलं. आला, हे मान्य करते. तळाकडं पाहून म्हणाला, "ताई, तुमच्याच भिंतीत पाणी मुरतंय, प्लायचा काय दोष?" मी राजगिऱ्याच्या चिक्कीसारखा तो तुकडा पुढं धरला. म्हणाला, "आजकाल सगळे हेच वापरतात, मोठ्या मोठ्या कंपन्यासुद्धा." मी म्हटलं, मग भाव प्लायचा का लावला? "कागदावर वॉटरप्रूफ लिहिलंय का?" त्यानंतर फोन उचलणं बंद.

इथं आमच्या ह्यांनी डोकं शांत ठेवलं. आधी पार्टिकल बोर्डाच्या मोडक्या कडांचे, फुगलेल्या तळाचे, डमीचे फोटो काढले, तारखेसह. पैसे पाठवल्याचे बँकेचे उतारे, त्याचे मेसेज, तो हिरव्या फरशीचा फोटो, सगळं एका जागी ठेवलं. गंजगोलाईजवळच्या एका प्लायच्या दुकानात तुकडा दाखवला, तर काउंटरवरच्या म्हाताऱ्या शेटजींनी हातात न घेताच सांगितलं की हे काय आहे. त्यांनीच आम्हाला दाखवलं की शिक्क्यावरचा सीएम/एल नंबर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की तो कुणाचा आहे आणि लायसन्स चालू आहे का ते दिसतं. आमच्या फोटोतला नंबर खरा होता म्हणे. फक्त माल दुसऱ्याच्या घरातला होता. म्हणून नंबर तपासायचा तो फोटोवरचा नाही, आपल्या अंगणात उतरलेल्या शीटवरचा, कापायच्या आधी, प्रत्येक शीटवरचा.

मग ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आणि ओळखीच्या वकिलांकडून नोटीस धाडली. वकिलांनी समजावलं की ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणं जिल्हा आयोगाकडं जायला घटनेपासून दोन वर्षं असतात, पाच लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीची फीही लागत नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा करता येतो. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांनी तो स्वतः आला, मध्यस्थाला घेऊन. 25,000 परत दिले. आम्ही घेतले. काही जण म्हणतात घ्यायला नको होते, लढायला हवं होतं. असेल. पण दोन पोरांच्या परीक्षा, माझी नोकरी आणि कागदावर "प्लाय 18 एमएम" एवढे तीन शब्द. वकील म्हणाले, केस होईल, पण वॉटरप्रूफ ठरलं होतं हे सिद्ध करायला तुमच्याकडं मेसेजच आहेत. तेही काही कमी नव्हते, हे आता वाटतं. बाकीचे 87,000 गेले ते गेले.

आता त्या खोलीत कडप्पा आहे. गवंड्यानं आधी जुनी पाइपलाइन मुळापासून बंद केली, जाळी सिमेंटनं बुजवली, चार दिवस ओल येते का पाहिली आणि मग कडप्पा लावला. कप्प्यांची मापं माझ्याच वहीतली, सोळा इंच, दहा इंच, बारा इंच. दारं नाहीत, पडदा आहे. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, फक्त ज्वारीची पत्र्याची कोठी सगळ्यात खालच्या कडप्प्यावर स्वतः सरकवून ठेवली.

मागच्या आठवड्यात शाळेतून येताना पुढच्या गल्लीत एका घरासमोर त्याची स्कूटर दिसली, मागं टेप आणि हातोड्याची तीच निळी पिशवी. ओळखीचं घर नव्हतं. तरी बेल वाजवली. एक बाई बाहेर आल्या. मी विचारलं, "किचनचं काम चालू आहे ना? सनमायका लागला का?"

"नाही हो," त्या म्हणाल्या, "उद्या लावतो म्हणाले. आम्ही उद्या तुळजापूरला चाललोय ना."

मी चप्पल काढली आणि आत गेले.