मल्टिस्टिक्स 10 एसजी : मधुमेहींच्या घरात कितपत कामाची?

सीमेन्सच्या या डबीत लघवी तपासायच्या 100 पट्ट्या, प्रत्येकीवर दहा चौकोन. ताज्या लघवीत बुडवून लगेच काढायची, कड निथळायची आणि घड्याळ लावायचं. ग्लुकोज 30 सेकंदांनी, कीटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) 40, नायट्राइट (लघवीतल्या जंतूंची खूण) 60 आणि पांढऱ्या पेशी पूर्ण 2 मिनिटांनी. घोळ इथेच होतो. सगळे रंग एकदम बघितले जातात, तेव्हा शेवटचा चौकोन रंगलेलाही नसतो.

साखर चढली असताना कीटोन बघायला पट्टी चांगली. संसर्ग हुडकायला मात्र ती नेमकी मधुमेहींच्याच बाबतीत कच्ची. डेसिलिटरला 3 ग्रॅम किंवा जास्त साखर लघवीत असेल, तर पांढऱ्या पेशींचा चौकोन फिका येऊ शकतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल, तर रक्तातली शुगर ताळ्यावर असूनही लघवीत साखर उतरतेच. नायट्राइटसाठी लघवी मूत्राशयात निदान 4 तास साठलेली हवी, म्हणून सकाळची पहिली घ्यावी. व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी तोही दडतो. कॅन्डिडा बुरशी तर नायट्राइट बनवतच नाही.

आणि मूत्राशयात वायू भरणारा संसर्ग, म्हणजे एम्फिसेमेटस सिस्टायटिस? ई. कोलाय, क्लेब्सिएला हे जंतू साखर आंबवून मूत्राशयाच्या भिंतीत आणि पोकळीत वायू भरतात. हा वायू दाखवणारा चौकोन कुठल्याच पट्टीवर नाही. लघवीसोबत हवा सुटणं, रक्त, ओटीपोटात दुखणं, ताप यांतलं काहीही असेल, तर पट्टी कोरी आली म्हणून घरी थांबू नका. ताप नसला तरीही. पोटाच्या साध्या एक्स-रेवरही मूत्राशयाभोवती हवेचं कडं दिसू शकतं. सोनोग्राफीत आतड्यातल्या हवेशी गल्लत होते. सीटी सर्वांत भरवशाचा. हा संसर्ग वेळेत सापडला तर शिरेतून अँटिबायोटिक, लघवीची नळी आणि शुगरवर ताबा एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. नळी महत्त्वाची, कारण तुंबलेली गोड लघवी म्हणजे जंतूंना आयतं ताट.

उलटी चूकही तितकीच होते. त्रास काहीच नाही, पण नायट्राइट गुलाबी, की लगेच मेडिकलमधून अँटिबायोटिक. तसं करू नये.

पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर दमट हवेनेच नायट्राइट खोटा गुलाबी होतो. डबी 15 ते 30 अंशांत ठेवायची, म्हणजे फ्रिजही नको आणि विदर्भातल्या मे महिन्यात उघडी फळीही नको. आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका.