कपड्याआतले पातळ स्टंट पॅड: गुडघ्याला झकास, माकडहाडाला बेकार

आठ महिने वापरून मग लिहितेय, त्यामुळे पार्सल फोडल्या फोडल्या पाच स्टार देतात त्यातला हा रिव्ह्यू नाही. मी नऊ वर्षं सिनेमा आणि सिरियलमध्ये स्टंट करतेय, बहुतेक वेळा हिरॉईनची डुप्लिकेट म्हणून, आणि ह्या लाइनमधल्या कुठल्याही बाईला विचारा, पहिली कटकट हीच असते की पुरुषाच्या जॅकेट-पँटच्या आत अख्खा सोफासेट मावतो आणि आम्हाला मात्र बिनबाह्यांचा तोकडा ड्रेस घालून त्याच जिन्यावरून गडगडत यायचं असतं. जाड पॅड घातला की कॅमेरामन म्हणतो दिसतोय, काढ, आणि मग आपण काढतो. म्हणून हा पातळवाला घेतला. गुडघे, कोपरं, खुबे आणि माकडहाड असा पूर्ण सेट आहे.

मटेरियल ते नवीन प्रकारचं, हळू दाबलं तर बोट आत रुतत जातं आणि बुक्की हाणली तर टणक लागतं. म्हणजे चालताना-वाकताना मऊ आणि आपटलं की तेवढ्यापुरतं घट्ट. ऐकायला जाहिरात वाटते पण गुडघ्याच्या बाबतीत खरंच काम करतं.

खरी परीक्षा जिन्यावर झाली. चौदा पायऱ्या, पाच टेक. जिन्यावरून पडताना हनुवटी छातीला लावायची, कोपरं आत ओढायची आणि पायरीची कड मांडीच्या नाहीतर दंडाच्या मांसल भागावर घ्यायची, सांध्यावर नाही, एवढं सगळं रिहर्सलमध्ये पाठ असतं, पण चौदात एखादी पायरी चुकतेच आणि तिथे पॅड लागतो. संध्याकाळी बघितलं तर दोन्ही गुडघ्यांवर पॅडच्या जाळीचा ठसा, बाकी काही नाही. उजव्या खुब्यावर मात्र तळहाताएवढा काळानिळा डाग, कारण तिसऱ्या टेकला तो पॅड सरकून मांडीवर आला होता आणि मला कळलंच नाही.

सरकण्याचा प्रॉब्लेम खराच आहे. आतल्या बाजूला जी रबरी पट्टी आहे ती कोरड्या कातडीवर मस्त धरते, घाम आला की सोडते, आणि आमच्या कामात आधी पळायचं, मग मार खायचा, मग पडायचं, म्हणजे पडायच्या वेळेपर्यंत घाम आलेलाच. मी आता वरून कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे मारते. निघताना केस उपटतात पण पॅड हलत नाही.

एक फायदा आधी डोक्यातच आला नव्हता, आवाज. जुन्या प्लास्टिकच्या वाटीवाल्या पॅडने फरशीवर पडलं की टक्क वाजायचं आणि साउंडवाला हेडफोन काढून माझ्याकडे बघायचा. हा मुका आहे. पण गुडघ्यावर घसरत जायचा शॉट असेल तर हा चुकूनही घालू नका, वाटीवाला सरळ घसरतो आणि हा खडबडीत जमिनीवर चिकटतो, शरीर पुढे जातं, गुडघा तिथेच राहतो, पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

खुब्याचा पॅड वायरच्या दिवशीही, म्हणजे तारेला लटकून हवेत काम असेल तेव्हाही, नडतो. हार्नेसचे, म्हणजे तारेला अडकवायला अंगावर बांधतात त्या पट्ट्यांचे, हूक बरोबर खुब्यापाशीच येतात, त्याखाली हा फुगवटा आला की पट्टे नीट बसत नाहीत आणि हवेत एका बाजूला कलायला होतं, त्यामुळे वायर असेल त्या दिवशी तो घरीच. आणि आगीच्या कामाला ह्यातलं काहीच घालायचं नाही बरं का, हे सिंथेटिक आहे, वितळून कातडीला चिकटेल. तिथे आगीला टिकणारे आतले कपडे आणि थंड जेल, बस.

माकडहाडाचा पॅड मात्र निव्वळ फसवणूक. मधोमध शिवण आहे, जिथे मार बसतो नेमकी तिथेच! कोणी डिझाइन केलंय देव जाणे, तो माणूस आयुष्यात एकदाही मागे आपटलेला नसणार.

थंडीतही जरा सांभाळून, पहाटेच्या आउटडोअरला हे कडक होतं, मी घालायच्या आधी अर्धा तास जॅकेटच्या आत धरून ठेवते.

लोक म्हणतात एका पॅडवर एवढं काय लिहितेस. अहो, हॉलिवूडचे जुने स्टंटमन याकिमा कॅनट ह्यांना १९६७ साली मानद ऑस्कर दिला तो नुसता स्टंटसाठी नव्हता, स्टंटवाल्यांना वाचवणारी साधनं बनवली म्हणूनही होता. घोड्यावरून पडताना पाय अडकून फरपटत जाऊ नये म्हणून त्यांनी एका बाजूने उघडी रिकीब काढली, एवढीशी गोष्ट, पण किती जणांचे पाय वाचले असतील. स्टंट डिझाइनला ऑस्करचा स्वतंत्र विभाग मिळायला मात्र २०२८ उजाडणार, तोही २०२७ च्या सिनेमांसाठी. असो, विषय पॅडचा आहे.

विकणाऱ्याबद्दल काय बोलू, पहिल्यांदा दोन्ही कोपरं डावीच आली, बदलून मिळायला तीन आठवडे गेले आणि तोपर्यंत एक काम जुन्या फोमवरच ढकललं.

गुडघा-कोपर साडेचार, खुबा अडीच, माकडहाड शून्य. सुटं मिळत असेल तर फक्त गुडघा-कोपर घ्या. आणि साइज मोजताना गुडघा वाकवून, बसून मोजा, उभ्याने मोजलात तर एक नंबर लहान येईल आणि अर्ध्या दिवसात पोटऱ्या बधिर होतील, माझ्या झाल्या होत्या.