तीन मडक्यांचा कंपोस्ट संच: मडकी उत्तम, सोबतचं सामान सुमार

चार माणसांच्या घरात रोज साधारण पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा गच्चीवर तो जिरवायचा असेल तर एकावर एक बसणारा, भाजलेल्या मातीच्या तीन मडक्यांचा संच आजही सगळ्यात भरवशाचा आहे. झाकणबंद बादलीत कचरा आंबवायची पद्धत स्वयंपाकघरात सोयीची वाटते, पण आंबवलेला माल पुढे मातीत पुरावा लागतो आणि तिसऱ्या मजल्यावर तेवढी माती नसते. विजेवरची छोटी यंत्रं कचरा वाळवून त्याची भुकटी करतात. ती पूर्ण कुजलेली नसते, म्हणून कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा वास मारते. मातीची मडकी मात्र ओल बाहेर टाकतात, हवा आत घेतात आणि खत शेवटपर्यंत तयार करून देतात.

तरीही बाजारातला कुठलाही संच उचलून आणावा असं नाही. दुकानात मडकं हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवून बघा. नीट भाजलेलं असेल तर खणखणीत वाजतं. बद्द वाजलं तर कच्चं आहे किंवा कुठेतरी तडा गेलेला आहे, आणि असं मडकं ओल्या कचऱ्याच्या वजनाखाली पावसाळ्यात तळाशी भुगा होऊ लागतं. ऑइलपेंटने रंगवलेले, वारली चित्रं काढलेले संच दिसायला छान असले तरी घेऊ नयेत. रंगाने मातीची छिद्रं बुजतात आणि मातीचं मडकं घेण्याचं कारणच संपतं. तिन्ही मडकी दुकानातच सपाट फरशीवर एकमेकांवर ठेवून गोल फिरवा. डुगडुगली किंवा सांध्यात बोट जाईल एवढी फट राहिली तर तिथून उंदीर शिरणार हे नक्की. सुटं मडकं बदलून मिळतं का, हेही आधीच विचारा.

मापाबद्दल स्पष्ट सांगायचं तर १० इंची संच दोन माणसांपुरता. चौघांसाठी १२ इंच व्यास आणि १२ इंच उंची हवीच. तेवढ्या मडक्यात सुमारे २० लिटर माल मावतो आणि रोज खाली बसत गेल्याने ते भरायला तीन-चार आठवडे लागतात. हा अवधी महत्त्वाचा आहे, कारण लहान मडकी लवकर भरतात आणि अर्धकच्चा माल खाली ढकलावा लागतो.

रचना साधी आहे. वरच्या दोन मडक्यांना बूड नसतं, दोरीची जाळी असते. सगळ्यात खालचं बंद असतं. कचरा फक्त वरच्यात टाकायचा. ते भरलं की मधल्याशी अदलाबदल करायची. रिकामं वर येतं, भरलेलं मध्ये मुरतं. पुन्हा वरचं भरलं की मधल्यातला माल खालच्यात ओतायचा आणि फेरा चालू ठेवायचा. पहिलं खत हाती यायला तीन महिने धरावेत.

सगळ्यात मोठी तक्रार जाळीची आहे. बऱ्याच संचांना सुतळी किंवा सुंभ बांधून देतात. दोन्ही कुजणारच, कारण मडक्यात कुजवण्याचंच काम चाललेलं असतं. मग एक दिवस अदलाबदल करताना दहा किलो ओला माल पायावर येतो. संच घरी आणल्याबरोबर ती दोरी कापून ३-४ मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी आडवी-उभी विणून घ्या. दीड इंचाचे चौकोन ठेवा आणि काठाच्या प्रत्येक भोकात गाठ मारा. पहिल्या दिवशी जाळीवर वर्तमानपत्राचे दोन पदर आणि चार बोटं पालापाचोळा घातला की माल गळत नाही.

दुसरी तक्रार सोबत येणाऱ्या कल्चरच्या, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाच्या पिशवीची. तिची गरज नाही. कुजवणारे जिवाणू पानांवर, मातीत, कचऱ्यावर असतातच. शेजाऱ्यांकडून दोन मुठी तयार खत आणा. ते न मिळालं तर वाटीभर आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडा. दर महिन्याला नवी पिशवी घ्या असं विक्रेता सांगत असेल तर ती केवळ विक्री आहे. संच चालतो सुक्या पाल्यावर, आणि तो विकत घ्यावा लागत नाही.

प्रमाण आकारमानाने मोजा: एक डबा चिरलेला ओला कचरा, त्यावर एक ते दीड डबा चुरलेला पाला. दर तीन-चार दिवसांनी हातपंजाने, म्हणजे बागकामाच्या छोट्या दाताळ्याने, तळापर्यंत हलवा. मूठभर माल दाबल्यावर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला तर ओल बरोबर. धार लागली तर पाला वाढवा. हातात भुरभुर सुटला तर पाणी शिंपडा. एप्रिल-मे मधे पुण्याच्या कोरड्या उन्हात मधलं मडकं हमखास सुकतं, मुंग्या येतात आणि काम ठप्प होतं, पण वास येत नसल्याने लोकांना वाटतं सगळं ठीक चाललंय. उन्हाळ्यात या मडक्याकडे वरच्यापेक्षा जास्त लक्ष द्या.

वासावरून दोष ओळखता येतो. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर पाला कमी पडलाय. सडक्या अंड्यासारखा आला तर पाणी जास्त आणि हवा कमी. तेव्हा सगळा माल घमेल्यात काढून, मोकळा करून, पाला मिसळून परत भरा. पांढरी बुरशी चांगलीच. चिलटं झाली तर केळीची सालं आणि आंब्याच्या साली उघड्या राहिल्यात असं समजा. वर दोन इंच पाल्याचं पांघरूण कायम हवं. पावसाळ्यात मातकट रंगाच्या जाड अळ्या दिसतात त्या बहुधा काळ्या सैनिकमाशीच्या असतात. त्या कचरा भराभर खातात, चावत नाहीत. औषध मारू नका, पाला वाढवा.

आंब्याच्या कोयी, करवंट्या, हाडं या संचात वर्षभरातही कुजत नाहीत. ती 'स्वच्छ' या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या, घरोघरी कचरा नेणाऱ्या ताईंच्या ओल्या कचऱ्यात द्या. निर्माल्यातले हार टाकण्याआधी दोरा काढायला विसरू नका, तो हातपंजाला गुंडाळतो. लहान मडक्यात उष्णता फार चढत नाही, त्यामुळे टोमॅटो-मिरचीच्या बिया मरत नाहीत आणि खत घातलेल्या कुंडीत रोपं उगवतात. ती उपटून टाकली की झालं.

पाला कुठून आणायचा, यावर संचाचं यश ठरतं. पुण्यात पानगळ मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. चार महिन्यांच्या पावसाळ्यासाठी चुरलेल्या पाल्याची तीन गच्च पोती मेअखेर कोरड्या जागी ठेवलेली हवीत, कारण जुलैत सुका पाला मिळत नाही. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं न चुरताही चालतात. आंबा, वड, देशी बदाम यांची पानं चुरल्याशिवाय घालू नका, ती एकावर एक चिकटून हवा अडवतात. पानं जाळण्याऐवजी देवाणघेवाण करणारा 'ब्राउन लीफ' हा उपक्रम पुण्यातलाच आहे.

सोसायटीने बागेसाठी असे दहा-वीस संच मागवायचं ठरवलं असेल तर आधी कोंबडीजाळीचा पिंजरा उभा करा. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद जाळी गोल वळवून तारेने शिवली की साधारण तीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. सफाई कामगारांना पाला त्यातच टाकायला सांगा, त्यात प्लॅस्टिक जाऊ देऊ नका, आणि घराघरांतून लोक इथूनच पोतं भरून नेतील अशी जागा निवडा. बदल्यात खालच्या मडक्यातलं खत बागेच्या वाफ्यांना द्या. पाच-सहा मिलिमीटरच्या चाळणीतून ते चाळायचं, वर राहिलेला जाडाभरडा माल पुन्हा वरच्या मडक्यात टाकायचा. तोच पुढच्या फेऱ्याचं विरजण.

खरेदी करताना कल्चर वगळून किंमत विचारा. तसं देणारा विक्रेता असेल, मडकी खणखणीत वाजत असतील आणि सांधे बसत असतील, तर बिनधास्त घ्या.