लॅक्टेज ड्रॉप्स: दूध न पचणाऱ्या कोल्हापूरकराचा रिव्ह्यू

मेडिकलमध्ये बाळांच्या पोटदुखीसाठी लॅक्टेजचे (दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तोडणारं एन्झाइम) ड्रॉप्स मिळतात ना, ते मी माझ्या दुधात घालतोय, घरचे हसतात, हसू देत. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर लोक म्हशीचं धारोष्ण दूध घटाघटा पितात आणि आपण बाजूला मोबाईल बघत उभं राहायचं, हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. कंपनीचं नाव लिहित नाही कारण थोडी तक्रार पण आहे. बाटली १५ एमएलची, दर एमएलला ६०० एफसीसी युनिट (एन्झाइमची ताकद मोजायचं माप).

आधीच सांगतो, काम करतात. फक्त गोळीसारखे वापरायला गेलात तर पैसे पाण्यात.

हिशोब बघा. १५ गुणिले ६०० म्हणजे अख्ख्या बाटलीत ९००० युनिट. मोठ्यांसाठी लॅक्टेजच्या ज्या स्ट्राँग गोळ्या येतात त्यातल्या एका गोळीतच एवढे असतात, म्हणजे बासुंदी खाताना जिभेवर चार थेंब टाकून काहीही होणार नाही. पण एन्झाइम हा कॅटॅलिस्ट आहे राव, वापरून संपत नाही, लॅक्टोजचा एक रेणू ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये तोडून झाला की पुढचा पकडतो. त्यामुळे थेंब कमी असले तर त्याला वेळ द्यायचा. मी अर्धा लिटर दुधाला अंदाजे पाव चमचा घालतो, नीट ढवळतो आणि चोवीस तास फ्रिजमध्ये. पोटात गोळीला एवढी सवड मिळत नाही म्हणून तिला युनिट जास्त लागतात.

आता खरी गोम. आपल्याकडे दूध आलं की आधी तापवायचं, आणि पत्रकावर एवढंच छापलंय की 'दुधात मिसळा'. उकळत्या दुधात टाकलं तर एन्झाइम हे प्रोटीनच, त्याची घडी मोडते, एन्झाइम मेलं, विषय संपला. दूध तापवा, पूर्ण गार होऊ द्या, मग थेंब. चोवीस तासांनंतर परत तापवलं तरी चालतं, तुटलेलं लॅक्टोज काही पुन्हा जुळत नाही. ही एक ओळ पत्रकात छापायला काय जात होतं?

विश्वास नसेल तर घरी बघता येतं. कॉलेजातली साखर ओळखायची बेनेडिक्ट टेस्ट इथे कामाची नाही, कारण ती रिड्युसिंग शुगर दाखवते आणि लॅक्टोज स्वतःच तशी साखर, साधं दूधही विटकरी रंग देऊन मोकळं होतं. त्यापेक्षा आईचा ग्लुकोमीटर घेतला (पट्ट्या महाग आहेत म्हणून बोलणी खाल्ली ते वेगळं). तिच्या पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज असतं आणि ते लॅक्टोजला विचारत नाही, त्याला ग्लुकोजच लागतं. साध्या दुधाचा थेंब लावला तर 'लो'. मुद्दाम उकळत्या दुधात ड्रॉप्स घालून ठेवलेलं, तेही 'लो'. गार दुधात घालून चोवीस तास ठेवलेलं मात्र थेट 'हाय'. त्यात नवल नाही, १०० एमएल दुधात साडेचार-पाच ग्रॅम लॅक्टोज, त्यातलं निम्मं तुटलं तरी ग्लुकोज हजार मिलिग्रॅमच्या वर जातं आणि मीटरची धाव ६०० पर्यंत. अर्थात मीटर रक्तासाठी बनवलेला, त्यामुळे लो का हाय एवढंच बघायचं, आकडा मनावर घ्यायचा नाही.

चव बदलते, दूध गोडसर लागतं, कारण ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज दोन्ही लॅक्टोजपेक्षा गोड. चहात मी साखर निम्मी केली. डायबेटिसवाल्यांनी मात्र याला शुगर फ्री वगैरे समजू नये, साखर तेवढीच आहे, फक्त तुटलेली. आणि हे दूध आटवायला ठेवलं तर लवकर तांबूस होतं, सुट्या साखरा दुधातल्या प्रोटीनशी पटकन रिॲक्शन करतात, मेलार्ड म्हणतात ते. बासुंदीला रंग झकास येतो पण गॅस बारीक ठेवा, तळाला लागतं.

दुसरी तक्रार म्हणजे एन्झाइम कशापासून काढलंय ते बाटलीवर कुठेच नाही. क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिस या यीस्टचं लॅक्टेज दुधाच्या पीएचला (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आंबट), म्हणजे ६.७ च्या आसपास, मजेत चालतं. ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीचं आंबट वातावरणात, साडेचार-पाचला जास्त खुलतं, म्हणून ते पोटात घ्यायच्या गोळीला बरं. घेणाऱ्याला हे कळायला नको का? बाळांसाठी विकताय ना! बाय द वे, बाळाला द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच, माझा रिव्ह्यू वाचून नको.

पाचपैकी साडेतीन स्टार, दीड लेबलचे कापले. रोजच्या चहा-दुधाला ड्रॉप्स घ्या, लग्नकार्यात किंवा हॉटेलात गोळी बरी पडते. दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी असेल तर दोन्हीचा उपयोग शून्य, केसिन या दुधातल्या प्रोटीनला लॅक्टेज हात लावत नाही. आणि ज्यांना फक्त दही, ताक, पनीर खायचंय त्यांनी आधी तसंच थोडं खाऊन बघा, दह्यात बॅक्टेरियांनी बरंच लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं आणि पनीरचं बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं, बऱ्याच जणांना बाटलीची गरजच पडत नाही.