फ्युएल प्रेशर गेजचा संच : मोजायला उत्तम, दाब उतरवायला अपुरा

घरी गाडीचे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) काढून साफ करण्याचे ठरवल्यावर नाशिकच्या द्वारका परिसरातील एका स्पेअर पार्टच्या दुकानातून मी फ्युएल प्रेशर गेजचा, म्हणजे इंधनाचा दाब मोजण्याचा, संच घेतला. पेटीत 0 ते 10 बार दाखवणारे गेज, दाब सोडण्याचे बटण, पारदर्शक नळी आणि निरनिराळ्या मापांचे टी-जोड आहेत. ‘याने प्रेशर काढायचे आणि पाइप खोलायचा,’ असे सांगून हा संच विकला जातो आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाडीच्या इंधनवाहिनीत साधारण 3 ते 4 बार दाब असतो आणि पंपाजवळच्या एकदिशा व्हॉल्व्हमुळे इंजिन बंद केल्यावरही तो कित्येकदा काही तास टिकून राहतो. फ्युएल रेलवर (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीवर) चाचणीचा व्हॉल्व्ह असेल तर गेज थेट त्यावर बसते आणि बटण दाबून पेट्रोल नळीवाटे डब्यात उतरवता येते. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांना मात्र हा व्हॉल्व्हच नसतो. तिथे टी-जोड बसवायचा तर पाइप सोडवावा लागतो, आणि पाइप सोडवायचा तर दाब आधीच उतरलेला हवा!

त्यामुळे टाकीचे झाकण उघडून वाफ जाऊ द्यावी, पंपाचा रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) किंवा फ्यूज काढावा, इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडू द्यावे, पुन्हा दोन-तीन सेकंद सेल्फ मारावा आणि मग चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडावी, हा जुना क्रम या संचामुळे टळत नाही. एवढे करूनही वाहिनीत थोडे पेट्रोल उरतेच. म्हणून इंजिन गार झाल्यावर जोडाभोवती जाड फडके गुंडाळून तो हळूहळू सैल करावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठिणगी पाडू शकणारा पाण्याच्या मोटारीचा स्विच अनेकदा शेजारीच असतो. हे काम उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून, आणि नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तर भल्या सकाळीच करावे. माहितीपत्रकात यातले एक अक्षरही नाही, ही मला या संचातली सर्वांत गंभीर उणीव वाटते.

मोजमापाच्या बाबतीत मात्र संच पैसे वसूल करतो. रिले आणि बॅटरी परत जोडून चावी ऑन केली की पंप क्षणभर घरघरतो, काटा झटकन वर जातो आणि तिथेच ठरतो. इंजिन बंद केल्यावर तो भराभर खाली येऊ लागला, तर पंपाचा व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळत असल्याची शंका घ्यावी. हे निदान नुसत्या अंदाजाने होत नाही.

कॉमन रेल डिझेल (एकाच उच्च दाबाच्या नळीतून सर्व इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या) आणि डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल (थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या) गाड्यांच्या उच्च दाबाच्या बाजूला हे गेज अजिबात लावू नये. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो आणि त्या दाबाने सुटलेली इंधनाची बारीक धार कातडीतून आत शिरते. सोबतचे क्लॅम्प पातळ पत्र्याचे आहेत. खरेदीच्या वेळीच फ्युएल इंजेक्शनचे चांगले क्लॅम्प वेगळे मागून घ्यावेत.