प्रात्यक्षिकाचे गुण सारखे कसे पडतील: गुणतक्ता, नमुना-बैठक की दुसरा परीक्षक?

आयटीआयमध्ये लेखी विषयांत पास व्हायला ३३ टक्के पुरतात, प्रात्यक्षिकाला मात्र ६० लागतात. वेल्डिंगच्या एकाच जॉबला, म्हणजे मुलाने परीक्षेत बनवलेल्या नगाला, एका निदेशकाने ६३ दिले आणि दुसऱ्याने ५७, तर फरक सहाच गुणांचा, पण तेवढ्यात पोरगा पासाचा नापास होतो. त्यातून वर्षभराचे अंतर्गत गुण बहुधा शिकवणाऱ्या निदेशकाच्याच हातात. मुलाची धडपड त्याने रोज पाहिलेली असते आणि ती गुणांत उतरतेच. एकाच ट्रेडच्या तुकड्या दोन-तीन निदेशकांकडे असतील, तर हा प्रश्न तुमच्यापुढे आहेच.

बहुतेक जण आधी गुणतक्ता करतात, म्हणजे कशाला किती गुण ते लिहून ठेवतात. फिटरच्या मेल-फिमेल जॉबला (एकमेकांत बसणाऱ्या दोन भागांना) तो उत्तम चालतो. माप ठरलेल्या मर्यादेत आहे का, काटकोन आहे का, सांध्यात किती जाडीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातो, यावर फारसा वाद होत नाही. अडतं ते फिनिशपाशी. अभ्यासक्रमात नीटनेटकेपणाच्या पायऱ्या ‘बऱ्यापैकी’, ‘चांगला’, ‘उच्च’ अशाच शब्दांत दिल्या आहेत आणि ‘चांगला’ म्हणजे किती, हे प्रत्येकाचं वेगळं. दुसरा धोका बेरजेचा. वेल्डची रेघ (बीड) सरळ, रुंदी योग्य, वरची मळी (स्लॅग) साफ, म्हणून गुण साठत जातात आणि अंडरकटचे, म्हणजे वेल्डच्या कडेला पडलेल्या खाचेचे, दोनच गुण कापले जातात, जरी सांधा तिथेच कमकुवत झालेला असला तरी. अशा दोषांसाठी तक्त्यात वेगळी अट हवी: हे चुकलं तर बाकीची बेरीज धरायची नाही.

माझा कौल नमुना-बैठकीला आहे. गुण देण्याआधी गेल्या वर्षीचे पाच-सहा जॉब टेबलावर मांडा, नावं झाकून. प्रत्येकाने न बोलता कागदावर गुण लिहायचे, मग सगळे कागद एकदम उघडायचे. हा क्रम मोडू नका. गटनिदेशक आधी बोलले की बाकीचे आकडे त्यांच्याभोवती गोळा होतात आणि मतभेद असूनही दिसत नाहीत. जिथे अंतर जास्त, तिथे कारण विचारा. शेवटी ज्या जॉबवर सगळ्यांचं एकमत झालं, त्याला ‘हा ६०चा’ अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. खर्च एका दुपारचा. फूड प्रॉडक्शनला मात्र नमुना जपता येत नाही, पदार्थ त्याच दिवशी करून सगळ्यांनी चाखावा लागतो.

दुसऱ्या परीक्षकाला पहिल्याचे गुण दिसले तर त्याचा उपयोग संपला. न दाखवता तपासलं तरी त्याच्या हाती तयार जॉबच येतो. गॉगल घातला होता का, कानस कशी धरली होती, हे त्याला कळत नाही. सगळ्यांसाठी हे केलं तर वेळ दुप्पट जातो, म्हणून ५५ ते ६५ मधल्या काठावरच्या मुलांपुरतंच करावं.

दोन-दोन जॉब शेजारी ठेवून ‘यातला सरस कोणता’ एवढंच विचारण्याची पद्धतही आहे. तिचा पाया मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये मांडला. त्यातून क्रम चांगला लागतो, पण ६०ची रेघ कुठे, हे कळत नाही. आपल्याला नेमकी तीच हवी असते.

फिटर, टर्नर, मशिनिस्टसाठी तक्त्यापासून सुरुवात करा. वेल्डर आणि कॉस्मेटॉलॉजीसाठी आधी बैठक, मग काठावरच्यांना दुसरा परीक्षक. वर्षातून एकच दुपार हाताशी असेल, तर ट्रेड कुठलाही असो, ती बैठकीलाच द्या. आणि लोखंडी नमुन्यांना तेल लावून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी गंजलेल्या जॉबवरून फिनिशचं काहीच दाखवता येणार नाही.