दहा ड्रग्जची युरिन टेस्ट: गांजा पकडते, स्पाइस नाही. 3 स्टार

मी मँचेस्टरमधे बेघर लोकांच्या हॉस्टेलवर नर्स आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडे ऑनलाइन 25 कपांचा बॉक्स मागवला, ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण अशा बहुतेक किटची हीच गत आहे. आधी चांगलं सांगते. कप गळत नाही, झाकण घट्ट बसतं, बाजूला टेंपरेचरची पट्टी आहे त्यामुळे युरिन ताजी आहे की बाहेरून आणलीय ते लगेच कळतं, आणि पाच मिनिटांत रिझल्ट. फक्त दोन रेषा म्हणजे निगेटिव्ह हं, प्रेग्नन्सी टेस्टच्या बरोब्बर उलटं.

गांजासाठी चांगलीच आहे. पण आमचा त्रास गांजाचा नाहीचे, स्पाइसचा आहे, म्हणजे गांजासारखी नशा देणारा, लॅबमधे बनवलेल्या केमिकलचा सिंथेटिक माल. 2017 ला इथल्या पिकॅडिली गार्डन्समधे माणसं उभ्या उभ्या थिजलेली दिसायची, पेपरात फोटो आले होते, ते तेच. परवा रात्री आमच्याकडचा एक जण जिन्यात भिंतीला टेकून तसाच वाकलेला, तोंडातून लाळ, पल्स 48, आणि बघता बघता फिट आली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून आल्यावर टेस्ट केली तर टीएचसीसमोर (गांजातलं नशा आणणारं केमिकल) दोन ठळक रेषा, आणि नवीन स्टाफने रजिस्टरमधे 'काही घेतलेलं नाही' लिहूनही टाकलं. मला फार वाईट वाटलं.

असं का होतं तर पट्टीवरची अँटीबॉडी फक्त टीएचसी शरीरात मोडल्यावर उरणारा कार्बोक्सी तुकडा ओळखते. स्पाइसमधलं जेडब्ल्यूएच-018 घ्या, अमेरिकेत क्लेमसन युनिव्हर्सिटीत जॉन हफमन यांच्या लॅबमधे रिसर्चसाठी बनवलेलं, 2008 च्या शेवटी जर्मनीत स्पाइसच्या पाकिटात सापडलं. त्याची ठेवणच वेगळी, म्हणून पट्टीला दिसत नाही. मेंदूतल्या पेशींवर सीबी1 नावाचा रिसेप्टर असतो, म्हणजे केमिकल येऊन चिकटतं ती जागा, त्याला मात्र ते टीएचसीपेक्षा घट्ट चिकटतं, आणि टीएचसी तो रिसेप्टर अर्धवटच चालू करतं तर हे पूर्ण जोरात. मग पेशीच्या आतलं जी प्रोटीन (रिसेप्टरचा निरोप पुढे नेणारं) सुटतं, सायक्लिक एएमपी हे निरोपाचं केमिकल उतरतं, कॅल्शियमचे चॅनेल म्हणजे ते आत येण्याची दारं दबतात, पोटॅशियमचे उघडतात. पोटॅशियम बाहेर गेलं की पेशी थंडावते, कॅल्शियम आत आलं नाही की टोकाशी साठवलेलं केमिकल पुढच्या पेशीकडे सुटतच नाही. आपल्या शरीरात हेच काम आनंदामाइड करतं, 1992 ला सापडलं, नाव आपल्या संस्कृत 'आनंद'वरूनच, पण ते गरजेपुरतं तयार होतं आणि एन्झाइम त्याला लगेच मोडून टाकतं. जेडब्ल्यूएच-018 चे तर मोडलेले तुकडेही काही सीबी1 वर काम करत राहतात. त्यात गाबा नावाचं केमिकल सोडणाऱ्या पेशींवर सीबी1 दाट असतात आणि गाबा मेंदूला आवरून धरतं, ते सुटायचं कमी झालं की फिट येऊ शकते. जिन्यात मी बहुतेक हेच बघत होते.

स्पाइसच्या वेगळ्या पट्ट्या मिळतात पण त्यातल्या बऱ्याच जुन्या जेडब्ल्यूएच गटाच्या, रस्त्यावरचा माल कधीच बदललाय. खात्री हवी तर लॅबमधे मास स्पेक्ट्रोमेट्रीला (रेणूंच्या वजनावरून केमिकल ओळखणारी तपासणी) पाठवावं लागतं.

दोन स्टार कापले ते बॉक्सवर मोठ्ठं 'कॅनाबिस' छापून सिंथेटिकची गोष्ट आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात टाकली म्हणून. विकणाऱ्याला मेल केलाय. तोवर आमच्या कपाटातल्या बॉक्सवर मी मार्करने लिहून ठेवलंय: स्पाइस यात दिसत नाही, निगेटिव्ह आली तरी पल्स मोजा.